ती एकोणीस मिनिटं

४ मार्च

ताई,

नमस्कार, तब्येत, सगळं विचारून झालं असं समज. हे घरच्या मेलवरून लिहितोय, ऑफिसच्या मेलवर उत्तर पाठवू नकोस. फोन केला असता, पण फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो आणि या वेळी मला भांडण परवडणार नाही.

आमच्या कंपनीनं तुझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलेली ती ऑपरेटर. प्रकरण तिच्या तोंडून तू ऐकलं असशील, आता आमच्या बाजूनं ऐक. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आतलं बटण दाबतात, तो फोन आमच्याकडे लागतो. ऑपरेटरनं मेकॅनिक धाडायचा आणि तो पोचेपर्यंत दर चाळीस सेकंदांनी एक ठरलेलं वाक्य बोलायचं: तुम्ही सुरक्षित आहात, मदत निघाली आहे, कृपया शांत राहा. तेही आवाजात हसू ठेवून. ही बाई अकरा वर्षं हेच करत आलीय, ग्राहकांच्या पसंतीत कायम पहिल्या पाचांत. आणि जानेवारीत एका मंगळवारी बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ सत्तेचाळीस मिनिटं अडकले, त्यातली एकोणीस मिनिटं तिनं तोंडाला कुलूप लावलं. सॉफ्टवेअरच्या आलेखावर तेवढी सलग लाल पट्टी आहे. गृहस्थांना बाहेर काढलं तेव्हा ते बेशुद्ध होते. दोन दिवसांनी गेले.

त्यांचा मुलगा कोर्टात जायच्या तयारीत आहे. कंपनीनं चौकशी समिती नेमली आणि सचिव मी, कारण कर्मचाऱ्यांचं खातं माझं. समितीला एवढंच हवंय, की त्या एकोणीस मिनिटांत बाईच्या मनात काय चाललं होतं.

तुझ्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी दे: मनःस्थिती ठीक नव्हती, कामाला योग्य नव्हती. यात तिचंही भलं आहे. आजारी ठरली तर आजारपणाची रजा मिळेल, सहानुभूती मिळेल. नाही ठरली तर निष्काळजीपणा ठरेल, नोकरी जाईल आणि वर खटला. मेकॅनिक उशिरा पोचला हे तू म्हणशील. ते म्हणू नकोस. बैठक २७ तारखेला, शुक्रवारी. मी डायरेक्टरसाहेबांना शब्द देऊन बसलोय.

तुझा,
बारक्या


७ मार्च

बारक्या,

चिठ्ठी मिळणार नाही. पहिल्याच ओळीत सांगितलं, म्हणजे पुढचं आशेनं वाचायला नको.

तिनं या खोलीत काय सांगितलं त्यातला एक शब्द बाहेर जाणार नाही. तुला नाही, समितीला नाही आणि तुझ्या साहेबांना तर नाहीच. माझ्या जिवावर शब्द द्यायला तुला कुणी सांगितलं होतं? लहानपणी माझा कंपास वर्गात वाटून यायचास, तीच खोड अजून आहे.

आणि आजारी कोण, हे ठरवायला मला बोलावलंत तर मी तुमच्या इमारतीपासून सुरुवात करेन. गेली काही वर्षं माझ्याकडे येणारी माणसं पहिल्याच भेटीत काय म्हणतात माहितीये? माझ्यात सुधारणा हवीय. माझी किंमत कमी झालीय. रात्री झोप लागत नाही म्हणून नव्हे, झोप न लागल्यामुळे कामावर गुण कमी पडतात म्हणून येतात. दुकानात मांडलेल्या मालानं स्वतःची तक्रार घेऊन यावं तसं. तुम्ही एका बाईला अकरा वर्षं हसू लावून बोलायला लावलंत, तेव्हा तिला कुणी आजारी म्हटलं नाही. ती एकदाच गप्प बसली तर वेड्यात काढायला निघालात. नीट चालणारी ती बरी आणि बंद पडलेली ती आजारी, हा नियम लिफ्टला ठीक आहे.

बाकी तू वाळलायस असं तुझी बायको म्हणाली. पुढच्या रविवारी जेवायला ये. या विषयावर बोलायचं नाही एवढीच अट.

ताई


१६ मार्च

ताई,

काल खूप बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणी आग्रहानं वाढलं. तू अट घातलीस आणि मी ती पाळली, माझं कौतुक कर. तुझी कामाची खोली पहिल्यांदाच नीट बघितली. मला वाटायचं, तुमच्याकडे तो लांबलचक कोच असतो आणि तुम्ही लोक मागे बसून हूं हूं करता. दोन सारख्या खुर्च्या, समोरासमोर, एवढंच बघून गंमत वाटली. तुझा तो फोन बराच लांबला ना, गॅलरीत उभं राहून तुझे पाय दुखले असतील. मी आपला खुर्चीत बसून होतो.

चिठ्ठीचा विषय संपला असं समज. समितीला हवं होतं ते मिळालंय, दुसऱ्या वाटेनं. तुला यात पडायची आता गरज नाही, तुझं नावही कुठे येणार नाही याची काळजी मी घेतलीय. तू उगाच टेन्शन घेऊ नकोस. पुढच्या महिन्यात सगळे मिळून कुठेतरी जाऊ या का? दोनच दिवस.

बारक्या


२४ मार्च

बारक्या,

आज ती आली ती समितीचं पत्र हातात घेऊनच. तिच्या परवानगीनं लिहितेय. पत्रात म्हटलंय, 'उपचारादरम्यान आपण पुढील विधान केल्याचे समितीस समजले आहे', आणि खाली अवतरणात चार वाक्यं: घुसमट. हाका चालूच आहेत. मी जागची हलले नाही. मनात येऊन गेलं, सुटू देत एकदाचे.

तू माझी वही उघडलीस. मी गॅलरीत दुसऱ्या कुणाचं रडणं ऐकत होते आणि तू आत टेबलावर वाकून फोटो काढत होतास. शरम कशी वाटली नाही तुला?

पण त्याहून भयंकर पुढे आहे. ती वाक्यं तिची नाहीत. ती माझी आहेत.

नीट वाच, कारण हे तुला माहीत असणं शक्यच नव्हतं. माझ्या वहीत डाव्या पानावर फक्त तारीख आणि समोरच्याच्या नावाचं पहिलं अक्षर असतं. त्याचं बोलणं मी कधीच लिहून ठेवत नाही. उजव्या पानावर मी माझं लिहिते. तो माणूस बोलत असताना माझ्या आत काय हललं, ते. मला शिकवणाऱ्या बाईंनी लावलेली सवय आहे ही. आम्ही नुसता आरसा धरून समोरच्याचं बोलणं त्यालाच परत दाखवत बसणाऱ्यांतले नाही. समोरच्याच्या मनात जे काही आहे, भीती, हावरेपणा, कुणाचा जीव घ्यावासा वाटणं, ते माझ्याही मनात कुठेतरी असणारच, असं धरून आम्ही ऐकतो. ते स्वतःत सापडेपर्यंत मला तुमचं कळलं असं तोंडानं म्हणायचं नाही. सापडलं की लिहायचं. म्हणून ती वही माझी आहे. तिच्या अक्षराखाली आहे, तरी माझी.

हे सगळं मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. बारक्या, तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं मी तिला वाचवायला खोटं बोलतेय. म्हणाली, 'मीच बोलले असेन बाई. आठवत नाही, पण आलं असेल मनात. तुम्ही लिहिलंय म्हणजे आलंच असेल.' शुक्रवारी कबुलीवर सही करून मोकळी होणार आहे. जिला अकरा वर्षं दुसऱ्याचं वाक्य आपल्या आवाजात म्हणायला लावलंत, तिला आता स्वतःच्या मनातलं काय आणि दुसऱ्यानं हातात दिलेलं काय, हेच ओळखता येईनासं झालंय. हवा असेल तर याला आजार म्हणा. पण तो तुमच्याकडे लागलाय.

ती सही झाली तर नोकरी जाणं राहिलं बाजूला, आपण एका माणसाचं मरण मागितलं असं धरून ती उरलेला जन्म काढेल. तू ते वाक्य मागे घे. उद्याच घे.

आणि एक सांग. ते एकोणीस मिनिटांचं रेकॉर्डिंग तुमच्यापैकी कुणी ऐकलंय का? पूर्ण? ती म्हणते, ती काहीच बोलली नाही. मला खात्री वाटत नाही.

ताई


२५ मार्च, सकाळ

ताई,

हो, काढला फोटो. चूक झाली. पण तू म्हणतेस तेवढी मोठी आहे का, याचा शांतपणे विचार कर.

आता मागे घ्यायचं म्हणजे काय करायचं? साहेबांसमोर उभं राहून सांगायचं, की मी बहिणीकडे जेवायला गेलो आणि तिची वही चोरून वाचली? त्याच दिवशी मला घरी बसवतील. माझं वय बावन्न. या वयात मला कोण दारात उभं करतंय? बायकोची नोकरी गेल्या वर्षीच गेलीय हे तुला माहीत आहे. तू तत्त्वं सांगतेस ती छान आहेत, पण तुझ्या खोलीतल्या दोन खुर्च्यांत ती छान आहेत. इथे प्रत्येकावर कुणीतरी बसलेलं आहे. माझ्याही कामाचा आलेख निघतो आणि तोही कुणीतरी बघतं. मीही दिवसभर हसू लावूनच बोलतो.

रेकॉर्डिंग ऐकायचं काय त्यात? लाल पट्टी म्हणजे शांतता. तीन तज्ज्ञांनी आलेख पाहिलाय.

आणि खरं सांगू? तुझं म्हणणं मला पटत नाहीये. बाई स्वतः म्हणते, आलं असेल मनात. तूच एकटी अडून बसलीयेस. त्या वाक्यांत कुणीतरी हाका मारतंय, कुणीतरी सुटावं असं लिहिणाऱ्याला वाटतंय. ते लिफ्टमधले गृहस्थ नसतील तर कोण? तू अशी बाई नाहीस. अख्खं घर तू ओढलंस, कधी तोंडातून ब्र काढला नाहीस. तुझ्या मनात असलं काही येणार नाही हे मला कुणी सांगायला नको. पेशंटला वाचवायला तू ते स्वतःवर घेतेयस. समितीही हेच म्हणेल.

मला यातून जाऊ दे, ताई. पाया पडतो.

बारक्या


२५ मार्च, दुपार

बारक्या,

हाका अण्णा मारत होते.

तुला नऊ वर्षांपूर्वी मी सांगितलं, अण्णा झोपेत गेले. तू म्हणालास, बरं झालं, त्रास नाही झाला. मी हो म्हटलं. ते झोपेत गेले नाहीत.

तीन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. तू महिन्यातून एकदा यायचास, फळं आणायचास, त्यांच्याशी गप्पा मारून जायचास आणि ते पुढचे आठ दिवस सगळ्यांना सांगायचे, माझा मुलगा येऊन गेला. मला त्याचा राग यायचा. तेव्हा बोलले नाही, आता बोलते. त्या दिवशी सकाळपासून मी त्यांना चार वेळा उचललं होतं. दुपारी भांडी घासायला घेतली आणि त्यांनी हाक मारली. मी गेले नाही. म्हटलं, पाच मिनिटं. ते हाका मारत राहिले. मी नळ बंद केला, ओल्या हातांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि ऐकत राहिले. अर्धा तास. त्यांचा आवाज बदललाय हे मला कळलं होतं. कळत नव्हतं असं नाही. आणि मनात आलं, सुटू देत एकदाचे. त्यात मी पण सुटेन, हेही आलं. मग हाका थांबल्या आणि मी उठले.

ती पाचव्या भेटीत त्या दिवसाबद्दल बोलत होती, तेव्हा माझ्या हातांना तो ओलेपणा जाणवला. नऊ वर्षांत मी हे कुठे मांडलं नव्हतं, स्वतःच्या वहीतसुद्धा नाही. त्या संध्याकाळी मांडलं. तू उचललंस ते हे.

मी अशी बाई नाही, असं तू लिहिलंस. तू मला चांगली म्हणतोस तेव्हा मला पळून जावंसं वाटतं, इतकी वर्षं वाटत आलंय.

शुक्रवारी मी समितीसमोर येतेय. वही घेऊन येतेय आणि हे सगळं सांगणार आहे, तारखेसकट. बापाला हाका मारत ठेवणाऱ्या बाईसमोर यापुढे कोण मन मोकळं करेल, ठाऊक नाही. कदाचित कुणी येणार नाही. पण माझं पाप दुसरीच्या सहीनं निस्तरलं जात असताना मी मूग गिळून बसणार नाही. तुला ते चार परक्या माणसांत पहिल्यांदा ऐकावं लागू नये म्हणून आधी लिहिलं.

तू काय करायचं ते तू ठरव.

ताई


२९ मार्च

ताई,

शुक्रवारी तुला खाली दोन तास बसवून ठेवलं आणि वर बोलावलंच नाही. तू तणतणत निघून गेलीस असं स्वागतकक्षातली बाई म्हणाली. तुला बोलावू नका असं मीच सांगितलं होतं. कारण सांगतो.

तुझं पत्र वाचून बुधवारी मी काहीच केलं नाही. खोटं कशाला बोलू, मी साहेबांना अहवालाचा कच्चा मसुदासुद्धा दिला, त्या चार वाक्यांसकट. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावले आणि रेकॉर्डिंग लावलं. तुला चूक ठरवायलाच लावलं होतं. गृहस्थ अगोदरच्या मिनिटात म्हणतात, 'ते वाक्य आता पुरे बाई, डोकं उठलं. नुसत्या थांबा.' त्यानंतर लाल पट्टी सुरू होते. मी ऐकत राहिलो. त्यांचा श्वास येतो, मधेच काहीतरी सरकल्याचा आवाज. मग ते विचारतात, 'आहात ना?' आणि ही म्हणते, 'आहे.' एकोणीस मिनिटांत सात वेळा. आहात ना? आहे. शेवटच्या दोन वेळा त्यांना नीट विचारताही येत नाही, तरी ही म्हणते, आहे, आहे. सॉफ्टवेअर फक्त ठरलेलं वाक्य शोधतं. ते नसेल तर लाल. तीन तज्ज्ञ, मी, साहेब, कुणीही ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी रंग बघितला.

शुक्रवारी बैठक सुरू होताच मी उभा राहिलो आणि सांगितलं, ती वाक्यं बाईंची नाहीत. वही माझ्या बहिणीची, मजकूर तिचा स्वतःचा, मी चोरून आणला. कशाबद्दल आहे ते विचारलं त्यांनी. म्हटलं, आमच्या घरातलं आहे आणि घरातच राहील. मग मी अट घातली, पुढचं काहीही बोलायच्या आधी पूर्ण रेकॉर्डिंग इथे लागेल. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी लावलं. एकोणीस मिनिटं त्या खोलीत सहा जण बसून होतो, ती बाई समोर. कुणी हललं नाही. मेकॅनिक कितव्या मिनिटाला निघाला हेही पुढे त्यातच ऐकू येतं, तेही सगळ्यांनी ऐकलं.

तिच्यावरचा आरोप मागे घेतलाय, लेखी. कबुलीचा कागद तिच्यासमोर फाडला. वाक्याचा नियम मात्र तसाच आहे, त्याला कुणी हात लावला नाही. ती सोमवारपासून परत त्याच खुर्चीत बसेल की नाही, मला सांगता येत नाही. जिन्यात मला म्हणाली, मी बोलले होते हे मलाच माहीत नव्हतं. आणि रडली. मला घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. बायकोला सांगितलं. ती चिडली, मग चहा ठेवला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. तीन दिवस टाळतोय.

अण्णा गेले त्या दुपारी तू मला तीन फोन केलेस. मी तुला नंतर सांगितलं, मीटिंगमध्ये होतो. मी मीटिंगमध्ये नव्हतो. गाडीत बसलो होतो, पार्किंगमध्ये, फोन हातातच होता. तुझं नाव वाजत होतं आणि मी बघत होतो. मला वाटलं, अण्णा गेले हे सांगायला करतेयस. आणि वाटलं, झालं असेल तर होऊन जाऊ दे, सगळं उरकलं की जाईन. तू लिहिलेलं ते वाक्य वाचलं तेव्हा मला ते इतकं झटकन दुसऱ्या कुणाचं का वाटलं, हे गुरुवारी हेडफोन काढल्यावर कळलं. माझ्याही मनात तेच होतं. शब्दसुद्धा तेच असतील.

तू एकटीनं सगळं ओढलंस. मी इतकी वर्षं तुला चांगली म्हणत राहिलो, कारण तू चांगली असलीस की मला यावं लागत नव्हतं.

बारक्या


३० मार्च

बारक्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू शुक्रवारी केलंस त्याबद्दल तुला शाबासकी द्यायला हवी, ती नंतर देईन. आज मला तुझा राग आलाय आणि तो मी गिळणार नाही.

ते तीन फोन मी अण्णा गेल्यावर केले नव्हते. त्या अर्ध्या तासात केले होते, स्टुलावर बसून. हे मी बुधवारच्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला तुला दोष द्यायचा नव्हता. त्या फोनवर मला तुला काही सांगायचंही नव्हतं, आणि तू ये असंही म्हणणार नव्हते. माझ्यानं एकटीनं त्या खोलीत जाववत नव्हतं. एवढंच वाटत होतं, की तू फोनवर असावंस, काही बोलू नयेस, आणि मी फोन कानाला लावून आत जावं.

ताई